सागरी महामार्गावरच्या पंक्चरवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

रेवस-रेड्डी रस्त्यावर एक्सपल्स २००, हिमालयन ४११ अशा स्पोकच्या गाड्या चालवणारे आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत. पंक्चर काढून देणारे पुष्कळ भेटतात. ते का झालं, हे ट्यूब हातात देऊन दाखवणारे तुम्ही.

टायर उघडण्याआधी तुम्ही व्हॉल्व्हपाशी खडूची खूण करता. पाण्यात बुडबुडे दिसले की ट्यूब त्या खुणेला जुळवून टायरमधली नेमकी जागा गाठता आणि आतून चिंधी फिरवता. करवंदीचा काटा, गळाचं टोक, कालवाच्या शिंपीची कपची डोळ्यांना दिसत नाही, पण चिंधी तिथे अडकते. टोचलेली वस्तू तशीच राहिली तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात पंक्चर होते.

भोक रिमच्या बाजूला असेल तर रस्त्याला दोष देऊ नका, हे तुम्हीच शिकवलंत. आपल्या खाऱ्या हवेत निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) गंजतात, ट्यूब आणि स्पोकच्या मधली रिमटेप कुजते आणि स्पोकचं टोक ट्यूबला घासतं. टोक कानशीने सपाट करून नवी टेप घातल्याशिवाय तुम्ही चाक परत देत नाही, घाई कितीही असो. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि जांभ्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटली. वाळूसाठी हवा उतरवली तरी १८ पीएसआयच्या खाली जायचं नाही आणि डांबर लागताच गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत भरायची.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते व्हॉल्व्हच्या नटाचं. तो रिमला आवळायचा नाही, वर सरकवून टोपणाला टेकवायचा. कमी हवेवर टायर रिमवर सरकला की ट्यूबही ओढली जाते. नट मोकळा असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. आवळलेला असेल तर काही कळायच्या आत व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, आणि तिथे पॅच चालत नाही.

ट्यूब घेताना माप टायरशी जुळलंच पाहिजे: पुढे ९०/९०-२१, मागे एक्सपल्सला १२०/८०-१८, हिमालयनला १२०/९०-१७. लहान ट्यूब ताणून पातळ होते, मोठीला घडी पडते आणि घडीवर चीर जाते. ब्यूटाइलची, म्हणजे कृत्रिम रबराची ट्यूब हवा जास्त दिवस धरते. नैसर्गिक रबर काट्यापुढे जास्त ताणतं आणि सहज फाटत नाही, पण हवा वरचेवर तपासावी लागते. कच्च्या वाटांसाठी आम्हाला जाड नैसर्गिक रबरच पटतं. जादा ट्यूब एकच न्यायची तर पुढच्या चाकाची, २१ इंची, कारण अडचणीत ती मागच्या चाकातही गाव गाठेपर्यंत चालते.

पावसाळ्यातले पॅच का सुटतात, तेही तुमच्यामुळे उमगलं. ट्यूब पूर्ण कोरडी करून घासायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि ते बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबायचं. दमट हवेत याला जास्त वेळ लागतो.

टायर चढवताना ट्यूबमध्ये आकार धरण्यापुरती हवा, टाल्कम पावडरचा हलका हात, सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. टायरची समोरची कड गुडघ्याने रिमच्या खोलगट भागात दाबून धरली की टायर चढवायच्या लोखंडी पट्टीला जोर लागत नाही आणि ट्यूब चावली जात नाही. हे आमच्याच हातून करून घेतलंत, त्याबद्दल विशेष आभार.

आपले,
कोकणातले दुचाकीस्वार