परांचीचा विषय सोडून

कोल्हापूर, रविवार

चि. सईस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू आपटलास की मी, यावरून आईचं आणि माझं अजून चाललंय. या पत्रात तुझ्या परांचीवर चढण्याचा विषय काढणार नाही, असं तिला कबूल केलंय.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा खासबागेच्या बाजूला मी गर्दीत उभा होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. माणसं रडत होती, आणि तू पुण्याहून फोनवर विचारत होतीस, "बाबा, दगडी भिंती उभ्या आहेत का?" राग आला होता मला. मग त्याच महिन्यात टॉवरवाल्यांची नोकरी सोडलीस आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत शिरलीस.

आबा असते तर खूश झाले असते. घाण्यात चुना मळून, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून भिंती चढवणारा माणूस. जुन्या दगडाला सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात, हे तू सांगतेस. आबा तेच शिव्यांसकट सांगायचे. सदा त्यांच्याच हाताखाली होता. पुढचं तुला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो... जाऊ दे, काढणार नव्हतो.

राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय तू दाखवलंस. १८७२ ची इमारत, बिडाचे खांब, छताला सोन्याचा वर्ख. तू तो लावतात कसा ते सांगत होतीस आणि मी मान वर करून बघत होतो, लावायला चढलं कोण असेल.

पगार कमी, असू दे. बिलं रखडतात, तेही असू दे. मोजमापं स्वतः घे. जुन्या गवंड्याला अहो-जाहो कर, त्याला तुझ्या नकाशापेक्षा जास्त कळतं. पावसात शेवाळलेल्या फळीवर पाय ठेवू नकोस, एका हाताने कायम काहीतरी धरून... झालं सुरू लेक्चर. माफ कर. बँकेच्या काउंटरमागे जन्म काढलेला माणूस मी.

काल नाट्यगृहावरून जाताना रिक्षावाल्याला सांगितलं, माझी मुलगी असल्या इमारती दुरुस्त करते. त्याने काही विचारलंही नव्हतं.

आईने कांदा-लसूण चटणी कुरिअर केली आहे. तो सेफ्टी बेल्ट ऑफिस देतं की आपला आपण घ्यायचा? घ्यायचा असेल तर चांगल्यातला घे, पैसे पाठवतो. आईला सांगू नकोस.

तुझा,
बाबा