इतरांसह

मेम्फिस,
8 जून

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की बाबा नुसतं "हो, हो" म्हणतात आणि ऐकू काहीच गेलेलं नसतं, म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

परवा शनिवारी आम्ही व्हिक्सबर्गला जाऊन आलो. इथून गाडीने चार तास. मिसिसिपी नदीकाठी टेकाडांवर वसलेलं गाव आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1863 साली, उत्तरेकडच्या जनरल ग्रँटने दक्षिणेच्या या गावाला 47 दिवस वेढा घातला होता. ती सगळी रणभूमी आता राखून ठेवलीय. बाबा, तुम्हाला तिथून हलवणं अवघड गेलं असतं. जिकडेतिकडे तोफा! मी आपली प्रत्येक तोफेपाशी थांबून फोटो काढत होते, आणि हे गाडीत बसून घड्याळ बघत होते.

आई, तुला वेगळं सांगते. तोफगोळ्यांच्या भीतीने तिथल्या बायकांनी टेकड्यांच्या मऊ मातीत गुहा खोदून घेतल्या आणि पोराबाळांसकट, सतरंज्या-खुर्च्यांसकट त्यात राहिल्या. शेवटी शेवटी खेचराचं मांस खायची वेळ आली. खोदायला बरेचदा गुलामच लावले होते, हेही तिथे वाचलं. गुलामी टिकवण्यासाठीच तर दक्षिण लढत होती, त्यामुळे दोन्ही बाजूंपुढे सारखेच हात जोडणं मला काही जमलं नाही.

आता बाबांसाठी. शिकागोच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने 1862 मध्ये तोफखान्याची एक बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, उभी केली, म्हणून तिचं नाव मर्कंटाइल, म्हणजे व्यापारी, बॅटरी. ग्रँटच्या 22 मेच्या हल्ल्यात कॅप्टन पॅट्रिक व्हाइट आणि त्याच्या माणसांनी एक तोफ चक्क हातांनी चढावरून शत्रूच्या मातीच्या बुरुजापर्यंत नेली आणि तटातल्या झरोक्यातून आत डागली. तसल्या तोफेचं वजन गाड्यासकट 800 किलोंच्या आसपास. मी रिकाम्या हाताने तो चढ चढायला गेले तर गवतावरून दोनदा घसरले. आणि वरून बंदुका चालू! हल्ला फसलाच. एका दिवसात ग्रँटची तीन हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि मग त्याने हल्ल्यांचा नाद सोडून वेढाच आवळला. 4 जुलैला गावाने शरणागती पत्करली.

त्या तोफेसाठी सहा जणांना सर्वोच्च पदक मिळालं. कधी? तीस वर्षं उलटून गेल्यावर! सहाही जणांच्या मानपत्रात वाक्य तेच: इतरांसह हातांनी तोफ वर नेली आणि डागली. 'इतरांसह'. मी त्या शब्दापाशीच अडकले. इतर कोण?

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या स्मारकाला 47 पायऱ्या आहेत, वेढ्याच्या दिवसांएवढ्या. चिरंजीवांनी मोजल्या, एकदा सेहेचाळीसच भरल्या म्हणून परत खाली जाऊन मोजल्या. आत घुमटाखाली ब्राँझच्या पत्र्यांवर राज्यातल्या 36 हजारांवर सैनिकांची नावं आहेत. मर्कंटाइल बॅटरीचीही. म्हणजे ते 'इतर' तिथे असतील, पण गाड्याला कुणाचा खांदा होता ते त्या पत्र्यावरून कसं कळणार?

बाबा, आपल्या हॉलमध्ये तुमचा देवळालीचा फोटो आहे ना, तोफेपाशी आठ जण उभे आहेत तो. तुम्ही उजवीकडून दुसरे. लहानपणी मी विचारायचे, बाकीचे कोण? तुम्ही म्हणायचात, "आमच्या गनवरचे." पुढे काही नाही. दरवर्षी 28 सप्टेंबरला, तोफखान्याच्या दिवशी, म्हणजे गनर्स डेला, तुम्ही तो फोटो पुसता. कुणाची आठवण काढता, ते आम्ही कधी विचारलंच नाही.

तर काम असं आहे. बाबांनी नावं सांगायची आणि आईने फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायची, कारण बाबांचा हात हल्ली थरथरतो. गाव आठवलं तर गाव, नंबर आठवला तर नंबर, कोण काय काम करायचा तेही. एखादं नाव आठवलं नाही तर जागा सोडून पुढे जा, सुचेल रात्री कधीतरी.

आणि ते कानाचं मशीन बिस्किटांच्या डब्यातून बाहेर काढा. गनवर गेलेला कान आहे, त्यात लाजायचं काय? रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करते. नावं तुमच्या तोंडून ऐकायची आहेत.

तुमची,
सुमी