मुक्ता, तुझी वाड्यातली प्रकरणं वाचली

पुणे, १९ जुलै

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणं वाचली. बाबांनीही वाचली, पण ते "छान जमलंय" एवढंच म्हणतील, त्यांच्याकडून परीक्षणाची अपेक्षा ठेवू नकोस. मी सरळ सांगते. सदाशिव पेठेतला वाडा, माजघर, तुळशीवृंदावन, आड, सगळं जिथल्या तिथे आहे आणि त्यातलं काहीही तुझं वाटत नाही. आजीच्या वाड्यात तू राहिलीस ती मे महिन्याच्या सुट्टीत, आंबे खाण्यापुरती. आडाला तेव्हा पाणी नव्हतं, वर लोखंडी जाळी टाकलेली होती. तुझी सून त्यात जीव कसा देते?

फोनवर म्हणालीस, "आई, मराठी कादंबरीला गाव लागतं, आणि मला तेच नाही." केनियातलं किसुमू, इथिओपियातलं वोंजी, इंडोनेशियात जावातलं सुराबाया आणि मग अकरावीला एकदम पुणे. इथे कुणी "मूळचे कुठले?" असं विचारलं की तू गप्प व्हायचीस, तेही मला ठाऊक आहे. म्हणून काय उसना वाडा आणायचा?

इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार अमिताव घोष तू वाचलेस, पण बहुधा परीक्षेपुरते. जन्म १९५६चा, कोलकात्याचा. वडील लष्करात, पुढे परराष्ट्र खात्याच्या कामावर, त्यामुळे लहानपण ढाक्यात आणि कोलंबोत गेलं. शाळा डेहराडूनला, मग दिल्ली, ऑक्सफर्ड. त्यांचं मूळ गाव विचारशील, तर ते पद्मा नदीने गिळलं. १८५०च्या दशकात नदीने पात्र बदललं, गाव पाण्याखाली गेलं आणि पूर्वज सरकत सरकत १८५६मध्ये बिहारात गंगेकाठी स्थिरावले. आजीच्या शेजारच्या काकूंना हे उत्तर देऊन बघायला हवं होतं.

त्यांची 'द शॅडो लाइन्स' (१९८८) ही कादंबरी पुन्हा वाच, आणि या वेळी इलाकडे नीट बघ. बापाच्या नोकरीपायी जगभर फिरलेली मुलगी. कैरोचं नाव निघालं की तिला काय आठवतं? विमानतळावरचं बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या बाजूला होतं ते! मला हे वाचताना हसू आलं आणि जरा लागलंही, कारण वोंजीचा विषय निघाला की मीसुद्धा आधी डाळ कुठे मिळायची ते सांगते. गोष्ट सांगणारा मुलगा मात्र कोलकात्यात बसून लंडनचे रस्ते नकाशात बघून पाठ करतो. त्याला लंडन माहीत असतं, इलाला नसतं. घोष स्वतः लहानपणी इलासारखे फिरले, पण लिहायची वेळ आली तेव्हा त्या मुलाच्या जागी जाऊन बसले. तुझ्या बाबतीत मला खटकतं ते इथेच. तुझ्याकडे तीन देश आहेत असं आपण म्हणतो खरं, पण नुसतं राहिल्याने ते तुझे झालेले नाहीत.

ढाक्याचंच बघ. काश्मीरमधल्या हजरतबल दर्ग्यातला पैगंबरांचा मानला जाणारा पवित्र केस नाहीसा झाल्यावर जानेवारी १९६४मध्ये तिथे दंगली पेटल्या. घोष सात वर्षांचे होते. एका रात्री त्यांच्या घराची बाग आसरा घ्यायला आलेल्या हिंदूंनी भरून गेली आणि भिंतीपलीकडे मशाली घेतलेला जमाव उभा होता. अशी आठवण कुणालाही घाईघाईने लिहून काढावीशी वाटली असती. त्यांच्याकडून ती कादंबरीत उतरायला वीसेक वर्षं गेली. १९८४मध्ये इंदिराबाईंच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचं जे झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा जुनी रात्र वर आली. शिवाय जुनी वर्तमानपत्रं चाळल्यावर कळलं की १९६४मध्ये ढाक्याच्या सुमारासच कोलकात्यातही दंगल झाली होती, फक्त मारणारे आणि मार खाणारे उलटे होते.

इजिप्तमध्ये तर त्यांनी मुक्कामच ठोकला. १९८०मध्ये मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यात राहिले, तिथली बोली शिकले. तुम्ही माणसं जाळता का, गाईची पूजा करता का, हे प्रश्न त्यांना रोज. (आपल्याला किसुमूत बायका विचारायच्या, तुझे बाबा मात्र सोडवणूक माझ्यावर ढकलायचे.) एकदा गावच्या इमामाशी भांडण इतकं चढलं की दोघे भर रस्त्यात बंदुका आणि बॉम्ब कुणाच्या देशाकडे भारी आहेत यावर हमरीतुमरीला आले! घोषांनी स्वतःचा हा पोरकटपणा 'इन ॲन अँटिक लँड'मध्ये जसाच्या तसा मांडला. त्याच पुस्तकात बाराव्या शतकात मंगळुरूत राहणाऱ्या एका ज्यू व्यापाऱ्याचा गुलाम आहे. जुन्या पत्रातल्या त्याच्या ओझरत्या उल्लेखापायी घोष हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी शिकले आणि खेड्यात शिकलेली बोली तिथे कामी आली. पुस्तक निघालं १९९२मध्ये.

पुरस्कारांचं सांगत बसत नाही. एवढंच, की नेमाड्यांच्या देशीवादाची, म्हणजे आपल्या मातीतलंच लिहावं या आग्रहाची, इतकी धास्ती घेऊ नकोस. नेमाड्यांना २०१४चं ज्ञानपीठ मिळालं आणि २०१८चं घोषांना, इंग्रजीत लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच. त्यावर नेमाड्यांना काय वाटलं ते आपण न विचारलेलं बरं.

आता वोंजी. आपण राहायचो तो बंगला डचांनी बांधलेला. साखर कारखाना १९५४चा, ज्या डच कंपनीने काढला तिचं आधीचं बस्तान जावात होतं. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथे पाय ठरेना, तेव्हा तिने इथिओपियात ऊस लावला, आणि १९७५मध्ये तिथूनही तिला जावं लागलं. तिची जुनी कचेरी सुराबायात आहे, तुझ्या शाळेच्या बसच्या रस्त्यावर. म्हणजे साखरेच्या ज्या वाटेने ते लोक जावातून वोंजीला गेले, त्याच वाटेने तू उलटी आलीस, तेही बाबा साखरेतले म्हणून. हे तुला माहीत होतं?

आणि तुझी वोंजीची मैत्रीण आठव, ओठ मिटून हसणारी. तू घरी तिची नक्कल करायचीस. तिथल्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार, मळ्यात राहणाऱ्यांचे दात तपकिरी पडायचे, काही म्हाताऱ्यांची पाठ वाकेनाशी व्हायची. आपल्याकडे गाळण लावलेलं पाणी यायचं. तुझे दात पांढरे राहिले ते कुणाच्या हिशेबात, हे वाड्यातल्या सुनेपेक्षा मला वाचायला आवडेल. पण आठवणीवर भिस्त ठेवू नकोस. दवाखान्याच्या नोंदी, कामगारांची वस्ती, ऊसतोडणीचे दर, हे शोधावं लागेल. अम्हारिक तू विसरली आहेस, ती परत शिकावी लागेल. जमल्यास तिथे जाऊन राहा. पैशाचं मी बाबांशी बोलते.

बाबांनाही कामाला लाव. घोषांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या सैन्यातून ब्रह्मदेशात लढले होते. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींतून 'द ग्लास पॅलेस'ला बरंच मिळालं. तुझ्या बाबांना वोंजीच्या गिरण्यांचे रोलर, बॉयलर, रात्रपाळीचे मुकादम, सगळं नावानिशी आठवतं, पण आपणहून बोलायचे नाहीत. "कसं होतं तिथे?" असं मोघम विचारलंस तर "बरं होतं" म्हणून मोकळे होतील. गाळपाच्या हंगामात मशीन बंद पडलं तर काय करायचात, असं विचार. रविवारी नऊनंतर व्हिडिओ कॉल कर, त्याआधी ते टेकडीवर असतात. आणि मोठ्याने बोल, हल्ली उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि ते मान्य करत नाहीत.

तुझी,
आई