झाडं किती हे छापता, बी कुठलं तेही छापा

मा. संपादक महोदय,

वृक्षलागवडीची बातमी म्हटली की मथळ्यात आकडा आलाच. किती लाख रोपं, किती तासांत. त्यातली जगली किती, हे निदान आता अधूनमधून कोणी तरी विचारतं. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. या रोपांचं बी आणलं कुठून, आणि किती झाडांवरून?

बी गोळा करणारा माणूस सोयीचं झाड गाठतो, त्यात त्याचा दोष नाही. रस्त्यालगतचं, फांद्या खाली आलेलं, शेंगांनी लगडलेलं. अशा एका झाडाखालीच पोतं भरतं आणि रोपवाटिकेत त्यावर हजारो पिशव्या उभ्या राहतात. रांगा कशा एकसारख्या, टवटवीत! पण ती सगळी एका आईची लेकरं. मोठी झाली की त्यांचं परागीभवन बव्हंशी आपसांतच होणार. जवळच्या नात्यातला असा संकर जंगली झाडांना सहसा मानवत नाही. अनेक जातींत असं बी नखानं फोडून पाहिलं तर आत गरच सापडत नाही. जे रुजतं त्यातलीही बरीच रोपं खुरटी राहतात. म्हणून जाणकार सांगतात की बी किमान २५-३० मातृवृक्षांवरून घ्यावं आणि तेही एकमेकांपासून ५०-१०० मीटर लांबच्या, कारण शेजारशेजारची झाडं बहुधा नात्यातलीच असतात.

नातं इतकं जवळचं असलं की काय होतं, ते ब्रिटनने पाहिलं आहे. तिथला इंग्लिश एल्म बियांऐवजी मुळांच्या फुटव्यांवर वाढत आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तो रोमन काळात आलेल्या एकाच झाडाचा वंश असल्याचा निष्कर्ष निघाला. १९७० च्या दशकात डच एल्म या बुरशीजन्य रोगाची नवी, जहाल लाट आली आणि त्या देशातले अडीच कोटींहून अधिक एल्म गेले. बुरशी एका झाडाला भारी पडली, की बाकीच्यांपाशी वेगळं असं काही नव्हतंच.

युरोपातल्या अ‍ॅशची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये त्याची झाडं शेंड्याकडून वाळू लागली आणि हा बुरशीजन्य रोग खंडभर पसरला. बहुतेक झाडं त्याला बळी पडतात, पण शेकड्यात एखाददुसरं झाड हिरवंगार उभं असतं आणि त्याचा चिवटपणा पुढच्या पिढीतही उतरतो. रोगाच्या धसक्याने रानच्या रान सरसकट तोडलं, तर नेमकी हीच झाडं कुऱ्हाडीखाली जाणार. एरवीच्या तोडीतही सरळ बुंध्याची झाडं आधी जातात आणि बी धरायला वाकडीतिकडी मागे उरतात, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

यावर बीजपेढीचं नाव पुढे केलं जातं. बीजपेढ्या हव्यातच. पण पर्जन्यवनांतल्या कित्येक झाडांचं बी वाळवलं की मरतं, ते शीतगृहात ठेवताच येत नाही. आणि जे ठेवता येतं तेही तिथे नुसतं झोपून असतं. वाढत्या उन्हाळ्याशी किंवा नव्या किडीशी त्याची गाठ पडत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवरचे, कमीजास्त पावसाचे नैसर्गिक वनपट्टे जिथल्या तिथे राखण्यावाचून गत्यंतर नाही. बी अगदी जवळचंच हवं, असाही हट्ट मी धरणार नाही. हवामान बदलत असताना थोडं बी अधिक उष्ण भागातून आणून मिसळणं शहाणपणाचं ठरू शकतं, फक्त त्याची नोंद हवी.

अशी नोंद ठेवणं अशक्य नाही. वनवृक्षांच्या बी-रोपांची विक्री उगमाच्या दाखल्यासह व्हावी, असा युरोपीय संघाचा १९९९ चा निर्देश आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की लागवडीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी दोन प्रश्न जास्तीचे विचारावेत: बी कोणत्या वनातलं, आणि मातृवृक्ष किती? ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर तेही आकड्याशेजारी छापावं.

आपला,
एक नियमित वाचक