निपाणीच्या वखारीतल्या बायकांची छाती आणि मेंदू एकत्र तपासा : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीहून हे पत्र लिहिते आहे. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत बायका नाकातोंडाला पदर बांधून तंबाखू चाळतात. चाळण हलली की पिवळसर धुरळा उठतो. नव्या बाईला पहिल्या दिवशी गरगरते, मग सवय होते. माझ्या आईने तरुणपणी हेच काम केले, पुढे घरी बसून बिड्या वळल्या. आज ती दम्याचा पंप घेते आणि तिचा उजवा हात थरथरतो. पार्किन्सन आहे म्हणतात. छातीचे डॉक्टर वेगळे, मेंदूचे वेगळे. आयुष्यभर काय काम केले, हे दोघांपैकी एकानेही तिला विचारले नाही.

फुप्फुसाचा दाह आणि मेंदूची झीज हे विषय इतके लांबचे नाहीत. सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची, धूळ फुप्फुसातल्या पेशींनी गिळली की एनएलआरपी३ नावाची प्रथिनांची यंत्रणा चेतते आणि दाह भडकतो, हे २००८ साली समोर आले. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिनही तीच यंत्रणा चेतवते, हे त्याच वर्षी दिसले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या, वाळूत काम करणाऱ्यांनाही म्हणूनच मी पुढे मागते आहे त्या अभ्यासात घ्यायला हवे.

औषधाच्या बाजूनेही असाच धागा आहे. कफ पातळ करणारे अँब्रॉक्सॉल आपल्या बांधावरच्या अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून घडत आलेले. लंडनच्या संशोधकांनी ते पार्किन्सनच्या रुग्णांना दिले, तेव्हा ते मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवापर्यंत पोचते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आजार त्याने रोखला जातो का, हे मोठ्या चाचणीतूनच कळेल. तोवर कुणी मनाने घेऊ नये.

माझा मुख्य प्रश्न मात्र तंबाखूचा आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळतो, असे अनेक देशांतल्या पाहण्या सांगतात. म्हणून रुग्णांना तंबाखूतल्या निकोटिनचे पॅच कातडीवर लावून पाहिले. २०२३ मध्ये निकाल आला, आजाराचा वेग कमी झाला नाही. आता आमची वखारीतली बाई बघा. ती ओढत काहीच नाही, पण हाताच्या कातडीतून निकोटिन अंगात जाते आणि छातीत धुरळा जातो, वर्षानुवर्षे. काहीजणी मिशेरीही लावतात, तीही नोंदवावी लागेल. या बायकांच्या मेंदूचे उतारवयात काय होते, याचे उत्तर निपाणीइतके चांगले फार थोड्या ठिकाणी शोधता येईल. आईच्या थरथरीचे कारण वखार आहे, असा माझा दावा नाही. कुणीतरी ते नीट शोधावे, एवढेच मागणे आहे.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था बेळगावातच आहे. अडुळसा, खाजकुयली यांसारख्या वनस्पती तर तिच्या विषयातल्याच. खाजकुयलीच्या बियांत पार्किन्सनवर दिला जाणारा एल-डोपा असतो. शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या सर्वांना एकत्र आणून तंबाखू, बिडी आणि फाउंड्री कामगारांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा प्रकल्प मंजूर करा. एकाच बैठकीत स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून घेतलेली फुप्फुसाची तपासणी, व्हावी, चालणे, हाताची थरथर, वास घेण्याची क्षमता आणि स्मरणशक्ती तपासली जावी, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा व्हावी. संमतीपत्र कन्नडबरोबर मराठीतही द्या. यात सीमावादाचे राजकारण नाही. ज्याच्यावर सही करायची ते बाईला समजले पाहिजे, आणि आयसीएमआरच्या स्वतःच्या मार्गदर्शक तत्त्वांचीही तीच अपेक्षा आहे.

आणखी एक. बिडीची मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. दिवस मोडला तर घरात पैसा येत नाही आणि बाई तपासणीला येणार नाही. म्हणून प्रकल्पाच्या खर्चात तिची त्या दिवसाची मजुरी धरा, आणि शिबिर बेळगावात न ठेवता निपाणीत वखारींच्या जवळ घ्या.

आपली,
निपाणीतल्या एका बिडी कामगाराची मुलगी