सरकारने बंद केलं तरी करार चालूच असतो

संपादक साहेब, नमस्कार.

बंदचा आदेश निघतो आणि एका रात्रीत शटर खाली येतं. मग आम्हा छोट्या धंदेवाल्यांच्या नुकसानीच्या आणि पॅकेजच्या बातम्या येतात, पण सह्या करून ठेवलेल्या करारांचं काय यावर फार कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

२०२० च्या बंदमध्ये माझी एक ऑर्डर अडकली. माल वेळेत देणं शक्यच नव्हतं, मी समोरच्या पार्टीला लगेच फोन केला, ते पण म्हणाले हो हो सगळ्यांचीच तीच गत आहे, बघू नंतर. नंतर बिलातून उशिराचा दंड कापून घेतला. ॲग्रीमेंट काढून बघितलं तर त्यात फोर्स मेजरचा क्लॉज होता, म्हणजे हाताबाहेरचं संकट आलं तर मुदत वाढवून मिळते, आणि कारणांमध्ये सरकारी आदेश चक्क लिहिलेला होता, अट एवढीच की ठरलेल्या दिवसांत लेखी कळवायचं. मी फक्त फोनवर बोललो होतो. एक साधा ईमेल टाकला असता तर पैसे वाचले असते, याची रुखरुख अजून जात नाही.

भाड्याचं तर विचारूच नका. सरकारनेच बंद केलंय म्हटल्यावर भाडं पण थांबलं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. इंग्लंडमधला १६४७ चा पॅराडाइन विरुद्ध जेन हा खटला आहे, यादवी युद्धात सैन्याने जमीन बळकावली, भाडेकरूला हाकललं, तरी कोर्ट म्हणालं भाडं द्यावंच लागेल. १८६३ मध्ये टेलर विरुद्ध कॅल्डवेलमध्ये मात्र कार्यक्रमांसाठी ठरवलेला हॉल आधीच जळून गेला तेव्हा दोन्ही बाजू करारातून सुटल्या. पण तिथे हॉलच उरला नव्हता हो, आपला गाळा जागेवरच असतो, कुलूप लागलेला आणि कधीतरी उघडणारा. शिवाय फोर्स मेजरचे बरेच क्लॉज माल किंवा काम देण्यापुरते असतात, पैसे देणं त्यातून सुटत नाही. म्हणून मालकाशी बोलून घ्या आणि जे ठरेल ते सहीनिशी कागदावर आणा, भाडं माफ केलंय की नुसतं पुढे ढकललंय हे त्यात आलंच पाहिजे, सहा महिन्यांनी दोघांना वेगवेगळं आठवतं. भाड्याला किंवा कर्जाला स्वतः जामीन राहिला असाल तर जास्तच सांभाळा, कंपनी बुडाली तरी ती जबाबदारी तुमच्या अंगावर राहते.

विम्याचंही तेच. धंदा बंद पडल्याची भरपाई बऱ्याच पॉलिसीत जागेचं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच मिळते. कोरोनाच्या बंदमधल्या अशा विमा दाव्यांवर जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने बराचसा निकाल धंदेवाल्यांच्या बाजूने दिला, पण त्या पॉलिसींत साथरोगाचे किंवा जागा वापरण्यावरच्या बंदीचे शब्द होते. तेव्हा क्लेम नाकारतील असं वाटलं तरी मुदतीत कळवून ठेवा.

माझी एकच विनंती, अशा लेखी नोटिशीचा एक सोपा नमुना वकिलाकडून तपासून घेऊन तुमच्या पेपरात छापा, आणि तो पुढचा बंद लागायच्या आधी छापा.

– एक छोटा व्यावसायिक