थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनवाल्या काकांना एक जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर एवढं लांब वाचत नाही माहितीये, पण काकू वाचून दाखवतील.

8 मार्चला सोसायटीत दहा मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं, मी फातमा बेगम घेतल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. ऐरोलीचं ऑफिस करून घरी यायला नऊ वाजायचे, मग घाईघाईत स्लाइड बनवल्या आणि त्यात एक जुनी मुकी क्लिप घुसवली, खाली लिहिलं 'बुलबुल-ए-परिस्तान, 1926'. क्लिप कसली होती देव जाणे. नौपाड्यात तुमच्या घरी फक्त प्रोजेक्टर मागायला आले होते आणि तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, "ही कुठून मिळाली गं तुला? ती फिल्म तर उरलेलीच नाही." मेले मी लाजेनं.

मग तुम्ही पत्र्याच्या डब्यातून फिल्मचा एक तुकडा काढलात, वीतभरापेक्षा थोडा मोठा, आणि ट्यूबलाइटसमोर धरायला दिलात. सोळा चौकटी. एक फूट. मूकपटाच्या काळात एवढा तुकडा पडद्यावर साधारण एक सेकंद चालायचा म्हणालात. कडेला एक वेडीवाकडी रेघ होती, मला वाटलं ओरखडा आहे, तर तो रेघेत छापलेला आवाज! "फातमाबाईंच्या फिल्मला ही रेघच नव्हती." तेव्हाची नायट्रेट फिल्म म्हणजे साक्षात पेट घेणारी वस्तू, नाही जळली तर डब्यात कुजून भुकटी, आणि जी वाचली त्यातली चांदी काढायला लोकांनी रिळंच्या रिळं विकली, हे तुम्ही तुमच्या उस्तादांकडून ऐकलेलं. पुढे पुण्यात फिल्म आर्काइव्ह झालं ते 1964 ला, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं.

बाईंचं मला खरं कौतुक कशाचं वाटतं सांगू? 1913 मध्ये फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'तल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, अण्णा साळुंखे साडी नेसून उभे राहिले, त्याच वर्षी पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला आल्या खऱ्या, पण लोकांची नजर काय लगेच बदलते? आणि फातमाबाई उर्दू रंगभूमीवरून 1922 ला 'वीर अभिमन्यू'त आल्या त्या तिशीत, तीन मुलींची आई असताना. चार वर्षांत स्वतःची कंपनी, फातमा फिल्म्स, आणि पहिलाच चित्रपट पऱ्यांचा, ट्रिक फोटोग्राफीवाला, म्हणजे खर्चिक! आपण घराचं बाथरूम करून घेताना दहादा विचार करतो. 1931 ला गिरगावात मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला त्याची नायिका त्यांचीच मुलगी, झुबेदा. (तोही हरवलाय, कमाल आहे आपली.)

बाई गेल्या 1983 ला, टीव्ही रंगीत झाल्यावर. तुम्ही म्हणालात, "मी तेव्हा रोज शो चालवत होतो गं, प्रोजेक्टरच्या दिव्यातले कार्बन बदलत होतो, पण हे नाव कुणी कानावर घातलं नाही." आणि बराच वेळ तो तुकडा गुंडाळत बसलात.

क्लिप काढ आणि तिथं पडदा एक मिनिट कोरा ठेव, ही आयडिया तुमची. मला भीती वाटत होती, पण ठेवला. बेडशीटवर नुसता पांढरा उजेड, मागे तुमच्या प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, अडकलं वाटतं!" हशा पिकला. मी म्हटलं, अडकलं नाही, त्यांच्या पहिल्या चित्रपटातलं आपल्याकडे एवढंच उरलंय. मग मात्र पोरंसुद्धा गप्प बसली.

प्रोजेक्टर रविवारी आणून देते. डब्यातला तो तुकडा माझ्या पर्समध्येच राहिलाय, तोही आणते, पण अजून आठवडाभर ठेवला तर चालेल का?